साच्यातली मऊ कुकी : आकारही टिकावा, मऊपणाही

नाताळ जवळ आला की शहरांतील बेकऱ्यांच्या काचेच्या कपाटांत तारे, घंटा आणि झाडांच्या आकाराच्या रंगीत कुकीज मांडलेल्या दिसू लागतात. आता वाढदिवस आणि बारशाच्या निमित्तानेही त्यांना मागणी असते. घरी ओव्हन असलेल्या अनेकांनी त्या एकदा तरी करून पाहिलेल्या असतात आणि बहुतेकांच्या पदरी दोहोंपैकी एक अनुभव पडतो. एक तर भट्टीत ताऱ्याची टोके पसरून त्याचे वाटोळे बिस्किट होते. नाही तर तारा ताराच राहतो, पण दाताला टणक लागतो.

वरकरणी हे दोन वेगळे दोष वाटतात. वस्तुतः ती एकाच दोरीची दोन टोके आहेत. आकार टिकवण्यासाठी जे करावे, त्याने कुकी कडक होते आणि मऊपणासाठी जे करावे, त्याने ती पसरते. साच्याने कापलेली मऊ 'शुगर कुकी' म्हणजे या दोन गरजांमधला समेट होय. हा समेट कसा साधतो, हे एकदा ध्यानात आले की कोणत्याही पाककृतीतील प्रमाणाकडे डोळसपणे पाहता येते.

नावातच मऊपणा

'बिस्किट' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा अर्थ 'दोनदा भाजलेले' असा आहे. जहाजावरच्या दीर्घ प्रवासात टिकावे म्हणून पाण्याचा अंश जवळपास संपेपर्यंत भाजलेला पदार्थ, ही त्याची जुनी ओळख. 'कुकी' हा शब्द मात्र डच भाषेतून आला. डच भाषेत 'कूक' म्हणजे केक आणि 'कूक्ये' म्हणजे छोटा केक. आजचे न्यूयॉर्क १६६४ पर्यंत डचांच्या ताब्यात होते व 'न्यू ॲमस्टरडॅम' या नावाने ओळखले जात असे. डच वसाहतींतूनच हा शब्द अमेरिकी इंग्रजीत रुजला. थोडक्यात, बिस्किटाचा धर्म कोरडेपणा, तर कुकीचे नाते केकशी.

साखर, लोणी आणि मैदा यांच्या साध्या कुकीची परंपरा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील नाझरेथ या गावाशी जोडली जाते. अठराव्या शतकात तेथे वसलेल्या मोरेव्हियन पंथाच्या जर्मनभाषक ख्रिस्ती कुटुंबांनी ती रूढ केली, असे सांगितले जाते. मध्य युरोपातून आलेल्या या मंडळींना नाताळात साच्यांचे गोड पदार्थ करण्याची सवय होतीच.

छापील पुरावा १७९६ सालचा आहे. त्या वर्षी कनेटिकटमधील हार्टफर्ड येथे अमेलिया सिमन्स यांचे 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकी लेखकाने लिहून अमेरिकेत छापलेले हे पहिले पाकपुस्तक मानले जाते. त्यात नाताळच्या कुकीची एक कृती आहे. तीन पौंड पिठाला एक पौंड लोणी, दीड पौंड साखर आणि, आपल्याकडच्या वाचकांना गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे, चहाचा एक कपभर धन्यांची पूड! फुगण्यासाठी लाकडाच्या राखेपासून काढलेला 'पर्लॲश' नावाचा क्षार दुधात विरघळवून घालायचा. आपल्या पापडखाराच्या जातकुळीचाच हा प्रकार. पाऊण इंच जाडीची पोळी लाटायची, हव्या त्या आकारात कापायची आणि मंद भाजायची. या कुकीज प्रथम कडक व कोरड्या लागतात, परंतु मातीच्या भांड्यात, दमट खोलीत ठेवल्यास सहा महिन्यांनी अधिक मऊ व चांगल्या होतात, असे या कृतीच्या अखेरीस लेखिकेने सांगितले आहे.

या जुन्या कृतीत आपल्या विषयाचे मर्म आले आहे. पिठाच्या एक तृतीयांश एवढेच लोणी असल्याने कुकी आकार सोडत नसे. पण ती कडक होई. मग साखर हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेई आणि मऊपणा परत येई. आजच्या स्वयंपाकघरात सहा महिने थांबण्याची कोणाची तयारी नसते. म्हणून जो ओलावा मागाहून आत घ्यायचा, तो मुळातच बाहेर जाऊ न देण्याची युक्ती करावी लागते.

कोणाचे काम काय?

मैद्यात पाणी मिसळून तो मळला की त्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते, कुकीला नको. म्हणून कुकीचे पीठ पोळीच्या कणकेसारखे मळत नाहीत, केवळ एकत्र आणतात. मैद्याचा थोडा भाग कॉर्नफ्लॉवरने बदलल्यास प्रथिनांचे प्रमाण आणखी घटते.

लोणी या जाळ्याला आवर घालते व खुसखुशीतपणा देते. बाजारातील बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो व उरलेल्यात मुख्यतः पाणी. ते साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सियसला वितळते. मे महिन्यात मुंबई-नागपूरच्या स्वयंपाकघराचे तापमान याच्या आसपास असते, हे विसरून चालणार नाही. परदेशी कृतींत 'खोलीच्या तापमानाचे लोणी' असे लिहिलेले असते, तेव्हा २० अंशांच्या आसपासचे, बोट दाबले तर खळगा पडेल पण चकाकणार नाही असे लोणी अभिप्रेत असते. आपल्याकडे त्यासाठी ते फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवले की पुरते.

तुपाने हे काम होत नाही. तुपात पाणी नसते. त्यामुळे नानकटाईसारखा तोंडात विरघळणारा भुसभुशीत पोत मिळतो. नानकटाई हातावर वळतात, साच्याने कापत नाहीत, त्याचे हेही एक कारण. घरच्या लोण्यात ताकाचा अंश कमी-अधिक असतो. म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी विकतचे बिनमिठाचे बटर बरे. खारे टेबल बटरच वापरायचे असेल तर कृतीतील मीठ वगळावे.

साखरेचे काम गोडीपुरते नाही. ती पाणी धरून ठेवते आणि म्हणूनच मऊपणाची खरी राखणदार तीच. मात्र ती भट्टीत वितळून पातळ होते आणि प्रमाणाबाहेर गेली तर कुकी पसरते. बारीक पिठीसाखर लवकर एकजीव होते व कडा नितळ येतात.

बेकिंग पावडर हलकेपणा देते. पण ती वाढली की ताऱ्याच्या कडा फुगून बोथट होतात. साच्याच्या कुकीत ती नावापुरती हवी. अंडे ओलावा आणि बांधणी या दोन्ही गोष्टी देते. अंडे न खाणाऱ्या घरांत त्याऐवजी घट्ट दही चालते. त्यातील पाण्याचे प्रमाण अंड्याच्या जवळपास असते आणि आंबटपणामुळे कुकी लवकर तांबूस होत नाही.

साहित्य (मध्यम आकाराच्या सुमारे ३० कुकीजसाठी)

मैदा २८० ग्रॅम
कॉर्नफ्लॉवर २० ग्रॅम
बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा
मीठ पाव छोटा चमचा
बिनमिठाचे बटर १७० ग्रॅम
पिठीसाखर १५० ग्रॅम
अंडे १ (अथवा घट्ट दही ३ मोठे चमचे)
व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा

वाटीचे माप येथे दगा देते. दाबून भरलेल्या आणि हलक्या हाताने भरलेल्या एकाच वाटीतील मैद्यात २०-३० ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि तेवढा जास्तीचा मैदा कुकी कोरडी करण्यास पुरेसा असतो. स्वयंपाकघरातील छोटा वजनकाटा या छंदातील सर्वांत उपयुक्त खरेदी होय.

कृती

मैदा, कॉर्नफ्लॉवर, बेकिंग पावडर व मीठ दोनदा चाळून घ्यावे. बटर व पिठीसाखर एकत्र फेटावी. केकसाठी फेटतो तसे पांढरे व हलके होईपर्यंत फेटू नये. मिश्रण एकजीव होताच थांबावे. जास्त फेटल्याने आत हवा भरते आणि भट्टीत कुकी आधी फुगते व मग खाली बसते. त्यात अंडे अथवा दही आणि इसेन्स घालून मिसळावे. मग मैदा दोन-तीन वेळा थोडा थोडा घालून कालथ्याने कालवावा. कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात आखडता घ्यावा. गोळा मऊ पण बोटांना न चिकटणारा असावा.

आता क्रमातील एक बदल फायद्याचा ठरतो. बहुतेक जण गोळा फ्रीजमध्ये ठेवतात व तो दगडासारखा झाल्यावर लाटू पाहतात. त्यापेक्षा आधी लाटावे व मग थंड करावे. गोळ्याचे दोन भाग करून प्रत्येक भाग दोन बेकिंग पेपरांच्या मध्ये ठेवून लाटावा. त्यामुळे वरून पीठ भुरभुरावे लागत नाही आणि जास्तीचे पीठ कुकीत जात नाही. पोळीची जाडी ६ मिलिमीटर ठेवावी. पातळ पोळी भट्टीत चटकन कोरडी होते. म्हणून मऊ कुकीसाठी जाडीशी तडजोड नको. दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवल्यास जाडी सर्वत्र सारखी येते. ही पोळी कागदासकट किमान एक तास फ्रीजमध्ये सपाट ठेवावी.

साचा मैद्यात बुडवून, झटकून, सरळ खाली दाबावा. तो गोल फिरवू नये. पोळीच्या कडेपासून सुरुवात करून आकार जवळजवळ कापावेत, म्हणजे उरलेल्या कडा कमी निघतात. त्या पुन्हा एकत्र करून लाटता येतात. पण दर वेळी चिवटपणा वाढत जातो. दुसऱ्यांदा लाटलेल्या पोळीवर थांबणे उत्तम. कापलेले आकार ट्रेवर दीड इंच अंतराने ठेवावेत आणि ट्रे पुन्हा १५ मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावा. लोणी वितळण्यापूर्वी बाहेरची कड शिजून घट्ट व्हावी, हा त्यामागचा हेतू. आकार टिकवण्याचे काम येथे जास्तीचा मैदा नव्हे, तर थंडावा करतो. ओलावा न गमावता आकार राखायचा तो असा.

कागदाविषयी एक सूचना. 'बटर पेपर' या नावाने दुकानात मिळणारे सगळेच कागद भट्टीत चालतात असे नाही. काहींवर मेणाचा थर असतो. वेष्टनावर भट्टीत वापरण्यास योग्य असल्याचा उल्लेख पाहूनच घ्यावा.

शेवटची दोन मिनिटे

ओव्हन १७५ अंश सेल्सियसला किमान १५ मिनिटे तापवून घ्यावा. ओटीजी असल्यास वरचे व खालचे दोन्ही रॉड चालू ठेवून ट्रे मधल्या कप्प्यात ठेवावा. मायक्रोवेव्ह असल्यास तो कन्व्हेक्शन पद्धतीवर असणे आवश्यक आहे. काळ्या ट्रेमध्ये कुकीचा तळ लवकर तांबूस होतो. फिक्या रंगाचा ॲल्युमिनियमचा ट्रे बरा. घरगुती ओव्हनचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत अनेकदा तफावत असते. आत ठेवायचा छोटा तापमापक ती उघडकीस आणतो.

६ मिलिमीटर जाडीच्या मध्यम कुकीला ९ ते ११ मिनिटे लागतात. कडा घट्ट झाल्या, पृष्ठभागाची ओलसर चमक गेली, पण मधला भाग अजून फिका व दाबल्यास किंचित नरम आहे, अशा वेळी ट्रे बाहेर काढायचा. बहुतेक घरांत चूक होते ती येथेच. पोळी, पुरी, चकली यांचे डाग किंवा तांबूसपणा पाहून 'झाले' असे ठरवण्याची आपल्या डोळ्यांना सवय असते. मऊ कुकीवर तांबूस छटा दिसली, तर तिची वेळ टळून गेली असे समजावे. ट्रेवर पाच मिनिटे राहू दिल्यास ट्रेच्या उष्णतेनेच ती आतून पूर्ण होते. त्यानंतर जाळीवर काढून पूर्ण गार करावी.

मोठे व छोटे आकार एकाच ट्रेवर ठेवू नयेत. मोठी घंटा शिजेपर्यंत छोटा तारा कोरडा ठणठणीत होतो.

सजावट : तीन पर्याय

कुकी कोमट असतानाच आयसिंग लावले तर ते वितळते व खालचे लोणी वर येऊन तेलकट डाग पडतात. म्हणून पूर्ण गार झाल्यावरच हा भाग हाती घ्यावा.

रॉयल आयसिंग हे सर्वांत रेखीव. आयसिंग शुगर व अंड्यातील पांढरा बलक फेटून ते करतात. वाळल्यावर ते कडक होते व कुकीज एकमेकींवर रचता येतात. मात्र कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि हे आयसिंग शिजवले जात नाही. लहान मुले, वृद्ध व गर्भवती यांच्यासाठी कच्चा बलक टाळलेलाच बरा. त्याऐवजी बेकिंगच्या साहित्याच्या दुकानांत मिळणारी मेरिंग पावडर वापरावी. ४५० ग्रॅम आयसिंग शुगरला ३ मोठे चमचे पावडर व ५ ते ६ मोठे चमचे पाणी, हे तिचे प्रमाण. भांड्याला तुपाचा ओशटपणा राहिला तर हे मिश्रण फुलत नाही.

साखर-ग्लुकोजचे आयसिंग हा अंडेविरहित व मऊ कुकीला अधिक साजेसा पर्याय. २०० ग्रॅम आयसिंग शुगर, १ मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज, सुमारे २ मोठे चमचे पाणी व लिंबाच्या रसाचे काही थेंब एकत्र घोटावेत. ग्लुकोजमुळे याला चकाकी येते आणि वरून वाळूनही ते दाताला कडक लागत नाही. वाळण्यास मात्र रात्रभराचा वेळ द्यावा.

बटरक्रीम १०० ग्रॅम बटर व २०० ग्रॅम आयसिंग शुगर फेटून होते. ते सर्वांत मऊ व सर्वांत सोपे; पण उन्हाळ्यात वितळते आणि कुकीज एकमेकींवर ठेवता येत नाहीत.

रेखाटनाची पद्धत रांगोळी घालणाऱ्या हाताला परकी नाही. आधी बाह्यरेषा, मग आतला रंग. रेषेसाठी आयसिंग दाट हवे. भरण्यासाठी त्यात थेंब थेंब पाणी घालून ते सैल करावे. चमच्याने वरून सोडलेली धार सुमारे दहा ते पंधरा आकडे मोजेपर्यंत पृष्ठभागात मिसळून गेली की ते भरण्यायोग्य झाले. मेंदीच्या कोनाप्रमाणे प्लास्टिकचा कोन करून टोक अगदी बारीक कापावे. भरल्यावर राहिलेले बुडबुडे टाचणीऐवजी दातकोरणीने फोडावेत. टाचणी कुकीत राहून गेल्यास धोका संभवतो. एका रंगाशेजारी दुसरा रंग भरायचा असेल तर पहिल्यावर पातळ कवच येईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावे.

रंगांबाबत सावधगिरी

फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने आणि मार्च २०२४ मध्ये कर्नाटकाने रंगीत 'बुढ्ढी के बाल'बाबत निर्बंध आणले. नमुन्यांत कापड रंगवण्यासाठी वापरला जाणारा ऱ्होडामाइन-बी हा रंग आढळला होता. घरी करण्याचा एक मोठा लाभ म्हणजे हा प्रश्न आपल्या हाती राहतो. भारतात ठरावीक खाद्यपदार्थांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी असून तयार पदार्थातील त्यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित आहे. सुटा, नाव नसलेला रंग घेऊ नये. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना क्रमांक वेष्टनावर पाहावा. पाण्यासारख्या रंगापेक्षा जेल रंग थोडा लागतो व आयसिंग पातळ करत नाही. गडद लाल व काळ्या रंगाला मात्रा सर्वाधिक लागते. म्हणून मुलांसाठीच्या कुकीजवर हे रंग रेषेपुरते ठेवणे शहाणपणाचे. रंग मिसळल्यावर काही तासांत तो आपोआप गडद होतो. घाईने थेंब वाढवू नयेत.

दमट हवा आणि साठवण

कोकणपट्टीत पावसाळ्यात आयसिंग वाळता वाळत नाही आणि शेजारचे रंग एकमेकांत उतरतात. अशा वेळी पंख्याखाली अथवा वातानुकूलित खोलीत ट्रे ठेवावा. फ्रीजमध्ये ठेवण्याचा मोह टाळावा. बाहेर काढताच त्यावर पाण्याचे बारीक थेंब जमतात व रंग ओघळतात.

आयसिंग वाळल्यावर कुकीज हवाबंद डब्यात, थरांमध्ये कागद घालून ठेवल्यास साध्या तापमानाला पाच-सहा दिवस चांगल्या राहतात. बटरक्रीमच्या कुकीज उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवाव्यात. सजावट न केलेल्या कुकीज नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने ठेवता येतात. सणाच्या आठवड्यात धावपळ टाळण्याचा हा सोपा उपाय.

भाजताना मिनिटभर जास्त झाले आणि कुकी कडक वाटली, तर ती वाया गेली असे नाही. डब्यात पावाचा एक ताजा तुकडा ठेवून रात्रभर झाकण लावावे. पावातील ओलावा कुकीकडे जातो. पाव सुकतो, कुकी नरमते. अमेलिया सिमन्स यांच्या दमट खोलीचेच हे घाईच्या काळातले रूप. आयसिंगही हेच काम करते. त्यातील ओलावा रात्रीत कुकीत मुरतो. म्हणून सजवलेली कुकी त्या दिवशीपेक्षा दुसऱ्या दिवशी अधिक मऊ लागते.

काय चुकले, कसे ओळखावे?

कडा पसरल्या : पीठ पुरेसे थंड नव्हते, बटर वितळलेले होते अथवा ओव्हन कमी तापला होता.
कुकी फुगली : बेकिंग पावडर अधिक झाली किंवा जास्त फेटले गेले.
कोरडी व भुसभुशीत : मैदा जास्त पडला अथवा वेळ जास्त झाला.
चिवट : मळले गेले किंवा कडा अनेकदा लाटल्या.
कापताना तडा गेला : पीठ फार थंड होते, पाच मिनिटे बाहेर ठेवावे.

दुकानात दीर्घकाळ टिकावे लागते म्हणून बिस्किट कोरडे असते. तो त्याचा दोष नव्हे, गरज आहे. जी चार दिवसांत संपायची आहे, जी बनवणारा आणि खाणारा एकाच घरात आहेत, त्या कुकीवर अशी सक्ती नसते. पहिल्या प्रयत्नात सगळे पीठ एकदम भाजू नये. दोनच कुकीज भट्टीत ठेवाव्यात, एक नऊ मिनिटांनी काढावी, दुसरी अकरा मिनिटांनी. गार झाल्यावर दोन्ही मोडून पाहाव्यात. आपल्या ओव्हनची योग्य वेळ कोणती, हे त्यावरून ठरवावे आणि ती चिठ्ठीवर लिहून ओव्हनवर चिकटवून ठेवावी.